आईच्या पायऱ्यांखालचं पाणी

प्रिय आनोन,

आईची चिता निवायच्या आत तुला जावं लागलं, त्याचा मला राग नाही. डुकरं न्यायला कंपनीचा ट्रक आला होता आणि तो ट्रक कुणाच्या मरणासाठी थांबत नाही, हे मला कळतं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, मैला तेवढा आपला, असं तूच मागे जेवताना म्हणाला होतास. तेव्हा आईसुद्धा हसली होती.

इकडे शाळा सुरू झाली. दुपारी तुझ्या डुकरांच्या शेडांकडून वारा आला की माझ्या वर्गातली मुलं न सांगता उठतात आणि खिडक्या लावून घेतात. गणित मग आम्ही घामात करतो. शेजारच्या साय मावशीनं शेवटची डुकरीण विकून टाकली. कोंडा आणि केळीचा गाभा घालून वाढवलेलं जनावर आता कुणी घेत नाही. कंपनीचं मांस त्याहून स्वस्त पडतं. ती म्हणाली, “जन्मभर डुकरं पाळली आणि आता मांस आणते पिशवीतून. सांग तुझ्या भावाला, पिशवी मात्र फार सुरेख आहे!” प्लेव काकांनी कालव्यातले मासे धरायचं जाळं कुंपणावर बांधून त्यावर दोडक्याचा वेल चढवलाय. मी बघत उभी राहिले, तर म्हणाले, “बघतेस काय पोरी? जाळ्यात काहीतरी लागायला नको का?” तुझ्या शेडांतल्या पंख्यांचा आवाज त्यांच्या अंगणात ऐकू येतो. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की पुढच्या जन्मी तुझ्याकडे डुक्कर व्हावं, निदान वारा तरी लागेल.

आईचं कपाट आवरलं. ताडाच्या पात्यांचे विणलेले मासे निघाले, काही अर्धवट राहिलेले. गावात कुठल्याही घरी पाळणा हलला की त्यावर तिनं विणलेले तापियन मासे टांगलेले असायचे. बाळ भरल्या पाण्यातल्या माशासारखं वाढावं म्हणून. तुझ्या छोट्यासाठी केलेले अजून माडीवर तसेच आहेत. त्याचा खोकला थांबेना म्हणून तुम्ही शहरात राहायला गेलात, तेव्हा ते न्यायचे राहून गेले. तिकडे तो आता खोकत नाही, हे तुझ्या बायकोनं कळवलं. बरं वाटलं.

आईची कालव्याच्या पायऱ्यांवर बसायची सवय तुला आठवते ना? भांडी तिथंच, अंघोळ तिथंच, भांडणंसुद्धा तिथूनच, पलीकडच्या काठाशी. लोक अस्थी सोडायला भाड्याची नाव करून मोठ्या नदीवर जातात. तिनं दवाखान्यात तुझ्यादेखत बजावलं होतं, “मला नावेत घालून लांब नेऊ नका, मला मळमळतं. आपल्या पायऱ्यांवरूनच सोडा.” तू तिचे पाय चेपत होतास. तू “हो आई” म्हणालास.

तू शहरात परतलास त्याच्या दुसऱ्या दिवशी अस्थी सोडायच्या होत्या. आधी तिच्या नावानं मासे सोडावेत असं मला वाटलं. बाजारातून जिवंत तापियन आणले, विणलेले नव्हे, खरे. साय मावशी म्हणाली, “मठाच्या तळ्यात सोड गं, इथं नको.” पण आदल्या रात्री पाऊस झाला होता, कालव्याचं पाणी चढलेलं, बरं दिसत होतं. मी ऐकलं नाही. भिक्षूंनी मंत्र म्हटले, मी पिशवी पाण्यात कलती केली. मासे सरळ निघाले, आईनं विणलेल्यांसारखेच चमकत. मग एकेक करून वर आले, तोंडं उघडी टाकून, आणि पायऱ्यांपाशीच आडवे झाले. पावसानं शेडांमागचं मैल्याचं तळं भरून कालव्यात उतरलं होतं. मावशी म्हणाली, “पुण्य करायला आलो होतो की काय करायला?” भिक्षूंनी डोळे मिटून घेतले. मेलेले मासे मी टोपलीनं गोळा केले आणि फणसाखाली पुरले.

अस्थींचं काय झालं, ते तू नंतर विचारलं नाहीस. मीही बोलले नाही. त्या अजून घरातच आहेत, बुद्धाच्या फळीवर, पांढऱ्या कापडात. रोज सकाळी मी तिथं फुलं ठेवते, आणि आईला अजून ताटकळत ठेवलंय म्हणून तिची क्षमा मागते.

काल कंपनीचा माणूस आला होता. फार नम्र. आईच्या पपनसाच्या बागेत आणखी शेडं उठणार, तू सही केलीस, आता माझी राहिली, असं म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि कागद ठेवून घेतला. नाही म्हणायचं तर तुझ्या तोंडावर म्हणावं, असं वाटलं. पण तेही माझ्यानं होणार नाही, तू मला ओळखतोस. म्हणून एवढंच लिहिते. एकदा ये. छोट्यालाही आण. आपण दोघं पायऱ्या उतरून खाली जाऊ, कापड मी उघडीन, आई तुझ्या हातात देईन. त्या पाण्यात तिला सोडायला तुझा हात धजला, तर मी तिथंच, पायरीवर बसून सही करते.

तुझीच,
वारुणीताई