भुंग्याचं थांबणं

३ नोव्हेंबर, सोमवार

— आणि वर मलाच बोलतात! कुत्रं गाडीमागं पळालं त्यात माझा काय गुन्हा? दार उघडं कुणी ठेवलं? ह्यांनीच! टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचलं. मागचा पाय सोललाय. शेजारची धोंडुबाई गल्लीभर ओरडतीय, "तुझं कुत्रं एक दिवस मरतंय बघ!" तुझ्या तोंडात माती!

भुंग्या लंगडत परत आला. खराटा घेऊन हाणला त्याला.

हे म्हणाले, "आता परत पळालं तर शिरोळला बहिणीच्या मळ्यात सोडून येणार." बोलले की करतात. दसऱ्याला म्हशी अशाच विकल्या. पोराला विचारलं सुदीक न्हाय.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सगळं आमच्या पोरानं, सम्राटनं करून ठेवलंय. म्हशींना शिकवलं तेच कुत्र्याला शिकवलं. दिवाळीत गाडीमागं म्हशी पळवायची शर्यत असते, म्हणून वर्षभर मोटरसायकलला रेस द्यायचा. म्हशी मागनं पळत यायच्या, पोचल्या की मूठभर पेंड. भुंग्या तवा पिल्लू. तोबी त्यांच्यात पळायचा, त्यालाबी काय तरी खायला मिळायचं. आता म्हशी गेल्या. पोरगं रुसून बिद्रीला, कारखान्यावर कामाला. गाडी त्याच्यासंगं गेली. गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या गाड्या तसल्याच फाडफाड वाजतात. भुंग्याला प्रत्येक गाडी सम्राटचीच वाटते.

मला न्हाय वाटत. मी कानच देत न्हाय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

जनावरांच्या डॉक्टरकडं नेला. नृसिंह नाव. पोरगेला हाय, पण सरळ बोलतो.

"आक्का, मारलंसा कधी? पळाला तवा, का परत आला तवा?"

"परत आल्यावर. पळताना हाताला लागतंय व्हय?"

"मग त्याला काय कळलं? घरात आलं की मार मिळतोय. पुढच्या बारीला यायचाच न्हाय."

मला सम्राटच आठवला. भाऊबीजेला सम्राट आलता. उंबऱ्यातच हे म्हणाले, "आलास व्हय बापाच्या जिवावर खायाला?" पोरानं चप्पलसुद्धा काढली न्हाय. तसाच वळला. हे डॉक्टरला काय सांगायचं!

त्यानं सांगितलेलं — शब्द एकच, आणि घरात सगळ्यांनी तोच. ऐकलं की तिथल्या तिथं खाऊ, मागनं दिला तर कशाचा ते त्याला कळत न्हाय. जरा जरा वेळ शिकवायचं, कंटाळायच्या आधी सोडायचं. हात उचलायचा न्हाय.

शब्द ठरवला. थांब.

९ नोव्हेंबर, रविवार

मी म्हणते थांब. हे म्हणतात, "ए बस की!" मग "हो मागं!" मग "गप ए!" कुत्रं बावचळून दोघांकडं बघतंय.

आज मटण होतं. तिखट घालायच्या आधी अळणीतले तुकडे त्याच्यासाठी बाजूला काढले. ह्यांचं लक्ष तिथंच.

"कुत्र्याला तुकडे आणि मला रस्सा व्हय?"

"तुम्ही कुणाचं ऐकता? ऐका, मग देते."

हसले. दिवाळीपासनं पयल्यांदा.

१२ नोव्हेंबर

पळाला. बोळाच्या तोंडापर्यंत. परत आला तवा दातओठ खात तुकडा दिला. हात नुसता शिवशिवत होता! ह्यांना सांगितलं न्हाय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दोरी बांधून शिकवतीय. शेजारच्या उदयसिंहला गाडी लांबनं न्यायला लावली. मग जरा जवळनं. तो म्हणतो, "काकू, पेट्रोल कोण घालणार?" चहा पी म्हटलं, पेट्रोलबिट्रोल काय न्हाय.

दोरी ताणतो, पण माझ्या तोंडाकडं बघायला लागलाय.

२२ नोव्हेंबर

सम्राटला फोन लावला. उचलला न्हाय. भुंग्याला म्हटलं, तू तरी इथंच ऱ्हा बाबा.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

थांबला!! दोरी न्हाय, काय न्हाय. दार सताड उघडं. दिवे लागायच्या वेळेला बोळाच्या तोंडाला गाडीनं रेस दिली. भुंग्या उठला. थांब म्हटलं. थांबला. परत रेस दिली, पयल्यापेक्षा जोरात. अंगभर थरथरत होता, तोंडातनं बारीक आवाज काढत होता. असा कधी केला न्हवता. दाराकडं बघायचा, माझ्याकडं बघायचा. मी हात वर करून उभी. थांब! बसला खाली. गाडी गेली.

सगळे तुकडे त्याला घातले. हे म्हणाले, "जिंकलीस की गं. आता कशाला शिरोळ!"

भुंग्यानं खाल्लं न्हाय. हुंगून तोंड फिरवलं. माज आलाय, दुसरं काय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

धोंडुबाई सकाळी सांगून गेली. काल बोळाच्या तोंडाला सम्राट होता. भुंग्या धावत आला असता तर त्याच्या मागनं घरात येणार होता म्हणे. तिला म्हणाला, "आता तेबी येत न्हाय, काकू," आणि गाडी वळवली.

ह्यांच्या पुढ्यातलं ताट बाजूला सरकवलं आणि सांगितलं — पोराला तुमच्या तोंडानं घरात बोलावणार का न्हाय? रविवारपर्यंत सांगायचं. व्हय का न्हाय, एकच शब्द.