एकट्याने बोलत चालण्याच्या परवानगीबाबत

प्रति,
मा. कल्याण अधिकारी,
सागवन कामगार वसाहत, चंद्रपूर

विषय : वसाहतीच्या सकाळच्या फेरीत जोडीदाराशिवाय चालू देणेबाबत.
संदर्भ : चालणे समितीची दि. १० फेब्रुवारी २००३ ची सूचना.

महोदय,

दि. १६ जानेवारीला सकाळी मी फेरीवरून परत आलो तेव्हा फाटकावरचे चौकीदार सुकलू यांनी मला स्टुलावर बसवले. नागपूरहून फोन आला होता. माझी पत्नी हाजरा तिथल्या दवाखान्यात वारली होती. त्या दिवशी मी शेजाऱ्यासोबत चाललो होतो, कारण नागपूरला जाताना ती सांगून गेली होती, "खाडा करू नका, नाईतर कुकर जाईल."

२. हिवाळाभर खाडा न करणाऱ्या जोडीला समितीकडून कुकर मिळतो, हे आपणास माहीत आहे. झुडपात अस्वले असल्यामुळे दोघांनी मिळून जावे व मोठ्याने बोलत चालावे, हा समितीचाच नियम आहे. नियम बरोबर आहे. माणसाचा आवाज आला की अस्वल बाजूला होते. आमच्या जोडीत काठी माझ्याकडे होती आणि बोलणे हाजराकडे. "यांच्या भरवशावर राह्यली असती तर अस्वलानं मले कवाच खाल्लं असतं," असे ती सगळ्यांसमोर म्हणायची.

३. तिसऱ्या दिवसाचा तिजा झाल्यावर मी पुन्हा फाटकावर गेलो. सुकलू म्हणाले, "भाऊ, एकट्याले सोडता येत नाई. जायचंच असन तर बोलत जा. चूप झाले का शिटी मारीन." मला बोलायला काही सुचेना. पहिल्या दिवशी मी पंपाच्या भागांची नावे घेत गेलो. दुसऱ्या दिवशी तीही संपली, तेव्हा हाजराला घरचे सांगू लागलो. दूधवाला बदलला, डाळ करपली, असे. मग रोज बोलता येऊ लागले.

४. यावर तक्रार झाली. इनायतभाई एकटेच बोलतात, बाया घाबरतात, असे समितीच्या इंदुताई यांचे म्हणणे आहे. जोडीदार आणा किंवा रेडिओ घेऊन चाला, असे सूचनेत लिहिले आहे. मी रेडिओ नेला. त्यावर कोणाची हरकत आली नाही. परंतु रेडिओ चालू असताना मला बोलता येत नाही. घरी बोलून पाहिले, जमले नाही. बसून बोलायची आम्हाला सवय नव्हती.

५. समितीने सहानुभूती म्हणून कुकर घरी पाठवला. आमचा हिवाळा पूर्ण झालेला नाही, म्हणून तो परत करीत आहे. इतर लोक परत आल्यावर मला एकट्याला सोडावे, एवढीच विनंती आहे. काठी सोबत ठेवीन. बाया-माणसे रस्त्यात असतील तर हळू बोलेन.

६. परवा सिरोंच्याला आमची मुलगी आयत हिला मुलगी झाली. बाळ व आई दोघी बऱ्या आहेत. हाजराला हे सांगायचे राहिले आहे.

आपल्या होकाराची वाट पाहणारा,
इनायत शेख
फिटर, पंप विभाग
दि. १९ फेब्रुवारी २००३