येल्लेवीरमधली माझी जागा

१४ मे, मंगळवार. विमानतळ.

निघालो. परत येईनच असं नाही, असं रविवारी चर्चमध्ये उभं राहून सांगितलं. कुणी रडलं नाही. आयोवातले आम्ही डच लोक भावना चारचौघांत दाखवत नाही.

मुद्दा लिहून ठेवतो, म्हणजे नंतर घोळ नको. माझ्या बायकोला, लोरीनला जाऊन दोन वर्षं झाली. ती विल्बरशेजारी आहे. विल्बर तिचा पहिला नवरा. तो १९७४ साली गेला तेव्हाच कबरीवर दोघांच्या नावाचा जोडदगड करून घेतला होता, तिचं नावही कोरून झालं होतं, फक्त तारीख भरायची होती. सत्तावीस वर्षं तिच्याबरोबर मी त्या दगडापाशी फुलं घेऊन जात होतो, पण आपलं पुढे काय हे कधी मनात आलं नाही. आता तिच्या एका बाजूला विल्बर आहे आणि दुसऱ्या बाजूला गाड्यांचा रस्ता.

म्हणून येल्लेवीर. नेदरलँड्सच्या फ्रीसलँड प्रांतातलं आमचं मूळ गाव. पणजोबा सीत्से विर्स्मा तिथल्या चर्चच्या आवारात आहेत. त्यांच्याशेजारी माझी जागा पक्की करायची. उगाच आगंतुकासारखा चाललो नाहीये. १९९८ साली गावानेच पत्र पाठवलं होतं. वडील नुकतेच गेले होते, म्हणून उत्तर मी दिलं. पत्र सगळं डचमध्ये. चर्चमध्ये मी ते अर्थासकट वाचून दाखवलं होतं: तुमच्या पूर्वजांची जागा तुमची वाट पाहते आहे. खाली दोन चौकोन होते. दुसऱ्यापुढे मजकूर जास्त होता, म्हणजे आपुलकी जास्त. त्यात फुली मारली, सही केली आणि लाकडी बूट घातलेला माझा फोटो जोडला.

तेच बूट आत्ता पायात आहेत. तपासणीवाल्यांनी दोनदा काढायला लावले.

१५ मे, बुधवार. येल्लेवीर.

पोचलो! बसथांब्यावर आफ्के आली होती. पणजोबांच्या भावाची पणती, वय एकाहत्तर, बस चालवून निवृत्त. मी दोन्ही हात पसरले. तिने त्यातला एक धरून हलवला आणि बुटांकडे बघून विचारलं, गोठ्यात काम काढलंयस का?

विमानात पाठ केलेलं डच भाषण म्हटलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, आता इंग्लिशमध्ये सांग, वेळ वाचेल. भावनेच्या भरात माणसाचं असं होतं.

उतरणार तिच्याकडेच असं धरून चाललो होतो. तिने गावाबाहेर पर्यटकांच्या तळावर एक कॅरॅव्हान, म्हणजे चाकांवरची खोली, भाड्याने घेऊन ठेवली आहे. म्हणाली, घरात खोली आहे रे, पण मला माणसाची सवय नाही. माझा स्पष्टवक्तेपणा कुठून आला ते आज कळलं.

कॉफी आणि एक बिस्किट. दुसऱ्यासाठी हात पुढे केला तेव्हा डब्याला झाकण लागलं होतं. पावणेसहाला ती उठली, म्हणाली, आता माझी जेवायची वेळ झाली. मी म्हटलं, वा, मलाही भूक लागलीय. तिने माझा कोट आणून दिला.

१६ मे, गुरुवार.

सकाळीच कबरीवर जायचं ठरवलं होतं. आफ्के म्हणाली, मंगळवारी. ती कब्रस्तान समितीची चिटणीस आहे आणि कबरींच्या नोंदींच्या कार्डांची पेटी मंगळवारी दहाला उघडते. मी म्हटलं, अगं, नव्वद वर्षं तो माणूस तिथे पडलाय, त्याला कार्ड कशाला? ती म्हणाली, मंगळवारी दहा वाजता. बोलताना खिडकीबाहेर बघत होती. भरून आलं असावं बिचारीला.

पवनचक्की शोधायला गेलो. माझ्या नकाशात आहे. तिथे बाथरूमच्या फरशांचं दुकान निघालं.

१८ मे, शनिवार.

ट्यूलिप नाहीत. पवनचक्की नाही. रस्ता धुणारं कुणी नाही. आयोवातल्या आमच्या ट्यूलिप उत्सवात जुनी डच रीत म्हणून झाडूने रस्ता धुतात आणि एकतीस वर्षं मी त्या रस्ता-धुणाऱ्या पथकाचा प्रमुख आहे. या लोकांना झाडू कसा धरायचा ते दाखवावं लागेल.

मात्र एक नोंद. समोरच्या कॅरॅव्हानमधल्या बाईने कपडे वाळत घातले. लांबीप्रमाणे, मोठ्यापासून लहानापर्यंत, मोजे जोडीजोडीने. मग वारा सुटला आणि सगळे एकदम फुगले. मी अकरा मिनिटं उभा होतो. इतकं सुंदर काही पाहिल्याचं आठवत नाही. बाईने विचारलं, काय हवंय? मी म्हटलं, सौंदर्य. तिने कपडे ओलेच आत नेले.

१९ मे, रविवार.

चर्चमध्ये माझ्यासकट अकरा जण. मोठ्याने गायलो. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने दोनदा मागे वळून पाहिलं. दाद दिली असणार.

दुपारी आफ्केच्या शेजारणीचा वाढदिवस. गोलात खुर्च्या आणि जो येतो तो वाढदिवसवालीचंच नाही, सगळ्यांचं अभिनंदन करतो. माझंही झालं. कितीतरी वर्षांनी वाढदिवसाला, मग तो दुसऱ्याचा का असेना, माझं अभिनंदन झालं, बरं वाटलं. मी विर्स्मा घराण्याचा, असं एकेकाला सांगितलं. चर्चमधला तो म्हाताराही आला होता, म्हणाला, अर्धं गाव विर्स्मा आहे आणि उरलेल्या अर्ध्याने विर्स्मांपासून घटस्फोट घेतलाय.

संडासात दारामागे वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं, इथे घरोघरी. त्यात गावातल्या सगळ्यांची नावं. माझा वाढदिवस नोव्हेंबरात, पण तिथे माझं नव्हतं. बहुधा राहून गेलं असेल, म्हणून खिशातल्या पेन्सिलीने लिहिलं.

संध्याकाळी शेजारणीने विचारलं, हे कुणी लिहिलं? मी छताकडे बघत होतो.

२१ मे, मंगळवार.

दहा वाजता. पेटी. आफ्केने कार्ड काढलं. कार्डाला कागद टाचलेला आणि कागदाला माझा फोटो. बूट, टोपी, बत्तीस दात.

पहिला चौकोन: कबर ठेवायची आहे. दुसरा चौकोन: कबरीवरचा हक्क सोडतो, जागा मोकळी करावी आणि यापुढे त्याबाबत कोणतीही तक्रार करणार नाही. म्हणूनच मजकूर जास्त होता.

इथे कबर कायमची नसते म्हणे. मुदत असते. घरच्यांनी सही करून वाढवली तर राहते, नाहीतर मोकळी करतात आणि दुसऱ्याला देतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दोन हजार साली मोकळी केली. दगड फोडून अवजारांच्या खोपटाच्या वाटेत घातला. हाडं कुंपणालगतच्या सामाईक खड्ड्यात.

आफ्के म्हणाली, आम्हालाही नवल वाटलं होतं रे. अमेरिकेतली माणसं नकार कळवतात तेव्हा रडगाणं लिहितात, तू हसरा फोटो धाडलास. समितीच्या स्वयंपाकघरात कितीतरी वर्षं लावला होता, सगळ्यांना आवडायचा.

त्या फॉर्मची भाषा अत्यंत ढिसाळ आहे. एखाद्या जाणकाराला दाखवणार आहे.

जेवलो नाही.

२२ मे, बुधवार.

शांतपणे विचार केला तर हे चांगलंच झालं. जुनी कबर म्हणजे दुरुस्तीची कटकट. आता कोऱ्या जागेसाठी नव्याने अर्ज करता येईल. झोप नीट लागली नाही, पण ती गादीमुळे.

जागा पाहून आलो. पणजोबा होते तिथे गवत आहे, दोन मेंढ्या आहेत आणि खताच्या ढिगाकडे तोंड केलेला बाक आहे. बाकाचं तोंड कालव्याकडे का केलं नाही, असं आफ्केला विचारलं. म्हणाली, ढीग कुजतोय की नाही ते बघायला लागतं, कालवा आपला आपण वाहतो.

२५ मे, शनिवार.

चार दिवस आफ्केबरोबर तण उपटतोय. बूट तिने घेतले. चिखलात फार सोयीचे म्हणते. मला रबरी दिले.

सव्वादहाला पलीकडच्या घरातली बाई खिडकी पुसते, आतून आणि मग बाहेरून. अकराला दुधाचा टँकर. बसथांब्याच्या काचेवर कुणीतरी वाळका पाला चिकटवलाय, मागून ऊन आलं की शिरा दिसतात. एकचाकी गाडीतल्या तणाला ओल्या मातीचा वास. हे सगळं मी बाकावरून बघतो. कलाकाराची नजर रक्तातच असावी, आयोवात तिला वाव मिळाला नाही.

खरं लिहायचं तर मला इथे फार बरं वाटतं. इतकं बरं मला लोरीन गेल्यापासून वाटलं नव्हतं. मला इथेच राहायचंय, याच गवताखाली.

२८ मे, मंगळवार.

अर्जाचा दिवस. आफ्के म्हणाली, जागा गावच्या लोकांसाठी असते, पण चार दिवस तण काढलंस, समितीला पटवते मी. वीस वर्षांची मुदत. पण एक रकाना रिकामा सोडता येत नाही: तुझ्या पश्चात कोण? पत्र कुणाला पाठवायचं, सही कोण करणार?

मी तात्काळ ड्वेन लिहिलं. लोरीनचा आणि विल्बरचा मुलगा. तिने विचारलं, तो करेल? मी म्हटलं, म्हणजे काय, पोटच्या मुलासारखा आहे, दर नाताळला फोन करतो. गेल्या नाताळला लाइन बिझी असणार. आफ्के म्हणाली, मग त्याला विचार. न विचारता नाव घालता येत नाही.

औपचारिकता आहे.

२९ मे. ड्वेनने फोन उचलला नाही. कामात असेल.

३० मे. नाही.

३१ मे, शुक्रवार.

लागला. ड्वेन म्हणाला, आपल्याला वाचता येत नाही त्या कागदावर मी सही करत नसतो. इतका संशयी स्वभाव कुठून येतो या पिढीत, कळत नाही. वर म्हणाला, आम्हाला वाटलं तुम्ही तिकडे कायमचे गेलात, रस्ता-धुणाऱ्या पथकाला नवा प्रमुखही नेमला. उत्तम. नव्या रक्ताला संधी मिळायलाच हवी.

आफ्केकडे गेलो. तिने ड्वेनच्या नावावर रेघ मारली आणि विचारलं, दुसरं कुणी? मी विचार करू लागलो. शाळेतल्या मित्रांपासून एकेक नाव आठवायला सुरुवात केली. सहा वाजून गेले तरी ती उठली नाही. भांड्यात बटाटे गार होत होते. शेवटी मीच माझा कोट घेतला.

३ जून, सोमवार.

नवी युक्ती सुचली! सामाईक खड्डा. तिथे मुदत नाही, सही नाही, पणजोबाही तिथेच. धावत जाऊन आफ्केला सांगितलं.  ती म्हणाली, हार्लन, अरे बाबा, तिथे जायला आधी कबर लागते.

उद्या निघतो. बसथांब्यापर्यंत येईन म्हणाली.

९ जून, रविवार. आयोवा.

चर्चमध्ये प्रवासावर बोललो. स्लाइड दाखवल्या: दोरीवरचे कपडे, खताचा ढीग, खिडकी पुसणारी बाई, बसथांबा. कुणीतरी विचारलं, पवनचक्की कुठाय? जागेचं काय झालं असंही विचारलं. मी म्हटलं, बोलणी अंतिम टप्प्यात आहेत.

घरी येऊन ड्वेनला फोन केला. सरळच विचारलं, की तुझ्या आईच्या पायथ्याशी राखेपुरती जागा असेल का? लहानसा डबा, आडवा नको, उभा चालेल. तो म्हणाला, जागा असेल तशी, पण दगडावर नावाला जागा नाही. बाबांचं आणि आईचं मावलंय जेमतेम.

मी म्हटलं, नाव नको.

तो म्हणाला, नक्की? तुम्ही तर विर्स्मा विर्स्मा करत असता.

मी म्हटलं, नक्की. नाव नको. कोपऱ्यात ठेव.

तो म्हणाला, बायकोला विचारून कळवतो.

१४ जून, शुक्रवार.

आज पाच दिवस झाले. कामात असेल.