सुपारीची खाज आणि गंगूअक्काचं तेल

५ जानेवारी १९३७, मंगळवार

आणि वर म्हणे आमचा घाणा तीन पिढ्यांचा. असेल. तीन पिढ्या भेसळच करत असतील. नव्या शेंगदाण्याचं तेल म्हणून गंगूअक्काकडून डबा भरून आणला, आठवडाभर सुपारीच्या अंगाला चोळलं, तर बरी व्हायची सोडून पोटाखाली लालेलाल. कानाला हात लावू देत नाही. पंजे चाटून चाटून केस गेले. सकाळपासून उंबऱ्याला पाठ घासते आहे. मांजराएवढी कुत्री, तिला कातडं ते किती असणार.

भुसावळच्या रेल्वे गार्डाची मड्डम बदली झाली तेव्हा देऊन गेली. चार वर्षं तुळतुळीत होती. श्रावणापासून हे सुरू झालं. तेव्हापासून तेल चोळते आहे, तर दिवसेंदिवस जास्तच.

हे म्हणाले, कुत्रं आहे, खाजवणारच. मी म्हटलं, कापसाच्या जिनातून रुई अंगावर घेऊन येता तेव्हा तुम्हीही खाजवता, तुम्हाला मी कुत्रं म्हणते का.

९ जानेवारी, शनिवार

नळावर बोलले. बोलायचं असं ठरवलं नव्हतं. समोरच्या द्वारकेने विचारलं, वहिनी, तुमच्या कुत्रीला काय झालं? मग तोंड सुटलं. म्हटलं गंगूअक्काच्या तेलाने झालं. पिवळ्या धोतऱ्याचं बी घालते ती घाण्यात.

द्वारका म्हणाली, नक्की का वहिनी? आमच्याकडे तेच तेल आहे.

म्हटलं, कानबाई देवीची शपथ.

सहासात बाया होत्या. सगळ्यांनी घागरी खाली ठेवल्या. तू पाहिलंस का, असं कुणी विचारलं नाही.

घरी येऊन डब्यातलं उरलेलं तेल मोरीत ओतलं. बाजारातल्या दुकानातून दुसरं शेंगदाण्याचं आणलं.

१२ जानेवारी, मंगळवार

काल रात्रीपासून सु. चे कान सुजले. जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे बैल, म्हशी, एक घोडा, नि मी हिला पदरात घेऊन. लोक हसले. हसू देत.

डॉक्टर पोरगेलासा, पुण्याकडचा. नीट बघितलं त्याने, ओठ उलटून, बोटं फाकवून. म्हणाला, बाई, ही खरूज नाही. एखाद्या अंगाला एखादी वस्तू मानवत नाही. खाण्यातली असेल, अंथरुणातली असेल, हवेतली असेल. एकेक काढून बघायची. रोज काय खाते ते लिहून आणा.

म्हटलं, मी दोनच इयत्ता शिकले.

म्हणाला, दोन इयत्तांत भाकरी लिहिता येते.

उद्धट आहे. पण हात हलका. सु. त्याला चावली नाही.

मी तेलाची भेसळ सांगितली. तो म्हणाला असेलही, तपासल्याशिवाय सांगता यायचं नाही. नळावर मी एवढंच सांगितलं की डॉक्टरसुद्धा म्हणाला असेल म्हणून. पुढचं नाही सांगितलं.

हिची रुईची गादी काढली. तरटाची घडी घातली. जिनाकडून वारा येतो ती खिडकी बंद.

१९ जानेवारी, मंगळवार

डॉक्टरसाठी लिहिलं ते असं. बु. भाकरी, वरण. गु. भाकरी, ताक. शु. भाकरी, मुगाचं पाणी. श. तेच. र. भाकरी, वरण. सो. उपास. मं. भाकरी.

गादी काढल्याने शिंका थांबल्या. खाज मधे कमी, आज परत फार. नवं तेलही रोज चोळते आहे. द्वारकेला म्हटलं, जुनं विष अंगात मुरलंय, ते निघायला वेळ लागणार. तिला पटलं. मलाही पटलं.

२१ जानेवारी, गुरुवार

गंगूअक्का रस्त्यात आडवी आली. एकटी बाई, नवरा जाऊन दहा वर्षं झाली, घाणा नि बैल हेच तिचं सगळं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, म्हणून मी डोक्यावरचा पदर सारखा केला. एवढं मात्र केलं.

म्हणाली, सुभद्रा, काय सांगत फिरस तू?

म्हटलं, जे आहे ते.

म्हणाली, मना तेलमा काय शे, ते मना बैलले इचार. तो दिनभर फिरस, तुनासारखा बोलस नही.

बाया हसल्या. मला राग आला. म्हटलं, बैल बोलत नाही म्हणूनच तुझं चाललंय. मग बाया जास्त हसल्या. मी जिंकले असं वाटलं.

गल्लीतल्या कुणीच आता तिच्याकडून तेल घेत नाही असं द्वारका म्हणते. सात घरं सुटली.

२७ जानेवारी, बुधवार

धुळ्याहून निरोप. धाकट्या बहिणीची मुलगी बाळंत. जावं लागणार. सु. ला कुठे नेऊ, तिथे ओली बाळंतीण. ह्यांच्यावर सोडून जाते. म्हटलं, भाकरी वेळेवर द्या, तेल चोळा. म्हणाले हो. म्हणजे नाही.

६ फेब्रुवारी, शनिवार

धुळ्याहून आले. मुलगी झाली, काळीसावळी, नाक छान.

घरात पाय टाकला तर सु. उड्या मारत आली. कान थंड. पोट गुलाबी, कोरडं. पंज्यांवर कोवळे केस. मला ओळखूच येईना.

ह्यांना विचारलं, काय चोळलंत? म्हणाले, काही नाही, तेलाचा वास मला सहन होत नाही.

खायला काय दिलंत? भाकरी. सोमवारी? सोमवारीसुद्धा भाकरी, मला कुठे उपास आहे.

आनंद व्हायला हवा होता. दहा दिवस मी नव्हते नि ही बरी.

९ फेब्रुवारी, मंगळवार

शनिवारपासून तेल चोळलं नाही, मुद्दाम. काल सोमवार. आज कान लाल. पंजे चाटते आहे.

मागची पानं उलटून बघितली. प्रत्येक वेळी मंगळवार. पाच तारीख मंगळवार, बारा मंगळवार, एकोणीस मंगळवार. माझ्याच हातचं अक्षर.

१० फेब्रुवारी, बुधवार

दवाखान्यात गेले. डॉक्टरने कागद वाचला, पेन्सिलीने एकेक वार मोजत गेला. सोमवारवर थांबला.

सोमवारी कुत्रीला काय देता?

म्हटलं, उपास.

म्हणजे उपाशी ठेवता?

म्हटलं, उपाशी कशाला ठेवीन. माझ्याच ताटातलं खाते. भगर, दाण्याची आमटी. वर भाजलेले दाणे, ते तिला फार आवडतात.

त्याने पेन्सिल खाली ठेवली. म्हणाला, मग कागदावर का नाही लिहिलंत?

उपासाचं खाणं म्हणजे खाणं असं माझ्या डोक्यातच नव्हतं. भाकरी म्हणजे खाणं. श्रावणापासून सोमवार धरले, तेव्हापासून हिला दर सोमवारी मूठमूठ दाणे घातले. नि खाज सुटली की वरून दाण्याचंच तेल.

म्हणाला, शेंगदाणा मानवत नाही हिला. पोटातून काय नि अंगावरून काय.

मी विचारलं, मग तेलात भेसळ?

म्हणाला, कसली भेसळ. तेल जितकं अस्सल, तितकं हिला वाईट. भेसळ असती तर थोडं बरं झालं असतं.

कंपाउंडर हसला. मी सु. ला पदरात झाकून बाहेर आले.

११ फेब्रुवारी, गुरुवार

लिहवत नाही. तिने तेल विकलं. नुसतं तेल.

१४ फेब्रुवारी, रविवार

नळावर गेले नाही, तीन दिवस. घरातल्या हौदाचं पाणी भरते.

आज सांगायचं म्हणून घाण्याच्या गल्लीत गेले. एरवी कोपऱ्यावरूनच बैल फिरवतो त्या लाकडी लाटेची करकर ऐकू येते. आज काही नाही. दार अर्धं उघडं. बैल आत उभा, डोळ्यांवरची झापड काढलेली, रवंथ करत. त्याने माझ्याकडे बघितलं. मी परत फिरले. कुणी विचारलं असतं तर म्हणणार होते की कोथिंबीर आणायला आले.

घाण्याच्या गल्लीत कोथिंबीर.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

काल हिला भाकरी नि ताक. मी माझी भगर दार लावून खाल्ली. दाराबाहेर बसून रडत होती, दाण्यांसाठी. आज कान थंड. खाज नाही.

म्हणजे आता शंकेलाही जागा नाही.

२० फेब्रुवारी, शनिवार

ह्यांना सांगितलं. जेवताना. ताटाकडे बघतच राहिले. वाटलं ओरडतील, तर ओरडावं असं मलाच वाटत होतं.

म्हणाले, मी महिनाभर मेहरूण तळ्याच्या बाजूने वळसा घालून घरी येतो.

का?

गंगूअक्काच्या दारावरून यायची लाज वाटते. तू जे बोललीस ते खरं असतं तरी वाटली असती.

महिनाभर. नि मी रोज विचारत होते की उशीर का होतो.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

द्वारकेला गाठलं, एकटीला, तिच्या ओट्यावर. सोप्पं जावं म्हणून. म्हटलं, तेल चांगलं होतं गं, माझीच चूक झाली. कुत्रीला दाणाच मानवत नाही.

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, कुत्र्याला कुठे दाणे बाधतात वहिनी?

म्हटलं, डॉक्टर सांगतो.

म्हणाली, मग तुम्ही कानबाईची शपथ घेतली ती?

मी तिच्या सुपातला खडा उचलून टाकला.

मग हळूच म्हणते, अक्काने काही दिलं का तुम्हाला? नाही म्हणजे, मी कुणाला सांगणार नाही.

खोटं बोलले तेव्हा एका दमात विश्वास बसला. खरं सांगितलं तर मी विकली गेले. उठून आले. चहा घ्या म्हणत होती.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

गेले अक्काकडे. सु. ला बरोबर नेलं. का नेलं माहीत नाही. साक्षीला म्हणा.

ती जमिनीवर बसून रिकाम्या पोत्याला टाका घालत होती. बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, दाणे, सोमवार, डॉक्टर, सगळं. मधे रडू आलं. मला रडता येत नाही, खोकल्यासारखं होतं.

तिने सु. ला जवळ ओढलं. कान उलटून बघितला, डॉक्टरने बघितला तसाच. म्हणाली, हाई बरी दिखस आते.

मग टाका पुरा केला, दोरा दातांनी तोडला. म्हणाली, मना घरमा ईसन रडू नको. तू नळवर बोलनी, बठ्ठास्ना समोर. तठेच सांग.

म्हटलं, सांगते.

कधी?

मी म्हटलं, सांगते ना.

तिने दुसरं पोतं घेतलं. मी निघाले. सु. निघेना, तिच्याच मांडीपाशी बसली. ओढून आणावी लागली.

१ मार्च, सोमवार

सांगितलं नाही. शनिवारी नळावर सगळ्या होत्या, घागर भरून तशीच आले. काल द्वारकाच नव्हती, म्हटलं ती असताना सांगू. आज उपास, डोकं दुखतं. रोज काहीतरी निघतंय.

मी तोंडाची फटकळ असं सगळे म्हणतात. मीही म्हणत होते, मोठ्या ऐटीत. आता कळलं, दुसऱ्याविषयी बोलताना फटकळ.

३ मार्च, बुधवार

हे बातमी घेऊन आले. गंगूअक्का बैल विकणार. रविवारी पाचोऱ्याच्या बाजारात. घाणा मोडून फैजपूरला भावाकडे राहायला जाणार, केळीच्या मळ्यात कामाला. साठीला आलेली बाई.

ऐकलं तशी घागर घेतली. रिकामी घागर, पाणी भरलेलंच होतं घरात. नळावर सहासात बाया, द्वारकाही. मी म्हटलं, ऐका.

कुणी ऐकेना, नळ चालू होता. मी नळ बंद केला. मग ऐकलं.

म्हटलं, गंगूअक्काच्या तेलात काही नव्हतं. मी धोतऱ्याचं बी पाहिलं नव्हतं. खोटी शपथ घेतली. कुत्री माझ्या हातच्या दाण्याने आजारी पडली.

मग एक म्हातारी म्हणाली, नळ सोड बाई, पाणी जाईल. द्वारका तोंडाला पदर लावून हसत होती. मागून कुणीतरी म्हणालं, आज हे म्हणते, उद्या आणखी काही म्हणेल.

बरोबर आहे. मीसुद्धा तेच म्हटलं असतं.

तेल आणायला एकही गेली नाही. संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून बघत होते.

४ मार्च, गुरुवार

सु. मांडीवर. कान थंड. हिच्यापुरतं झालं, भाकरी नि ताक, दाणा नाही, रुई नाही.

अक्काला चिठ्ठी लिहिली. तिला वाचता येत नाही. हे आज घाण्यावर जाऊन वाचून दाखवणार, सरळ रस्त्याने. म्हटलं, एक अक्षर बदलायचं नाही, गोड करायचं नाही. चिठ्ठीची नक्कल इथे.

गंगूअक्का, मी नळावर सांगितलं. सगळ्यांसमोर. तू कुणालाही विचार. त्यांनी ऐकलं पण धरलं नाही, तो दोष माझा, आधी मी त्यांना खोटं शिकवलं. तोंडाने सांगून भागत नाही हे दिसलं. म्हणून असं ठरवलं. तू घाणा चालव. तेलाचा डबा मी उचलीन. त्या सात घरी मी दारोदार जाईन, माप माझ्या हातात. प्रत्येक दारात आधी माझी चूक सांगेन, मग तेल विचारीन. कुणी दार लावलं तर दुसऱ्या दिवशी परत. तुझ्या घरात येऊन रडणार नाही. माझ्या घरात तुझंच तेल, कुत्रीला सोडून. माफ कर असं मी म्हणत नाही, ते तुझं तू बघ. पण बैल एकदा पाचोऱ्याला गेला की मी कितीही दारं ठोठावली तरी उपयोग नाही. तेव्हा बैल ठेवतेस की नेतेस ते सांग. मला डोकं हलवून चालणार नाही, तोंडाने सांग. शनिवारी दुपारपर्यंत.