टिकली सांगेल ते खाली

३ जानेवारी २०२५
स्लाइडचे चारही डबे माळ्यावरून उतरवले. बुरशी नाही! रंग अजून ताजे. १९७६ चा तांबडा अजून तांबडाच आहे, मीच तेवढा पांढरा झालो.
आमची ही, रत्नप्रभा, म्हणाली, "बरं झालं. माळ्यावर कुरड्यांचे डबे ठेवता येतील."
संध्याकाळी श्रुतिका आली डबे न्यायला. शिकवते कॉलेजात, आणि जुने फोटो शोधत गावभर हिंडते. तिच्या मावशीच्या लग्नाचे फोटो मी काढले होते, तिथून माझा पत्ता लागला. २६ तारखेला पार्ल्यातल्याच हॉलमध्ये प्रदर्शन! चाळीस फोटो, हातभर लांबीचे. शहात्तराव्या वर्षी पहिलंवहिलं.

६ जानेवारी
"सर, हे फोटो मुद्दाम हलवायचात?" श्रुतिकाने विचारलं.
मुद्दाम गं बाई, मुद्दाम! लग्नं, मुंजी, कंपन्यांची कॅलेंडरं हे पोटासाठी. तिथे नवरीच्या पापणीचा केसही स्पष्ट हवा. पण रविवारी रंगीत फिल्म भरायची आणि वेसावा गाठायचा. शटर अर्धा सेकंद उघडं ठेवायचं. कोळणी बंदरावर चालायला लागल्या की त्यांच्या लुगड्यांबरोबर कॅमेराही फिरवायचा. मग माणूस उरत नाही, टोपली उरत नाही. नुसता रंग धावतो.
आमच्या फोटो क्लबात सगळे कृष्णधवलवाले. माझे फोटो बघून म्हणायचे, "जयवंतराव, एक स्टँड घ्या आता." मी हसायचो. लागायचं पण. घरी येऊन जेवायचो नाही नीट.
श्रुतिका म्हणाली, "सर, त्या काळात रंगात असं करणारं आपल्याकडे मला अजून कुणी सापडलं नाही." मी म्हटलं, "असेल बुवा, मला काय माहीत." दिवसभर तेच वाक्य घोळवत होतो. दाढी करतानासुद्धा!

७ जानेवारी
श्रुतिकाला टिकल्यांची मोठी गंमत वाटली. प्रत्येक स्लाइडच्या चौकटीवर, खालच्या डाव्या कोपऱ्यात एक खूण करावी लागते. नाही तर प्रोजेक्टरमध्ये उलटी जाते. बाकीचे शाईचा ठिपका देत. आमच्याकडे टिकल्या.
फिल्म धुऊन आली की कापून पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवायचं काम रत्नाचं. मी लग्नांत अडकलेला. ती संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायची, एकेक फोटो उजेडाला धरून चौकटीत घालायची आणि आपल्या पाकिटातली एक टिकली लावायची. मी पाहायचो ते थेट पडद्यावर. (पडदा म्हणजे चादर.) इतक्या हललेल्या फोटोत वर काय नि खाली काय, कुणाच्या लक्षात राहणार? टिकली सांगेल ते खाली!

१२ जानेवारी
श्रुतिकाकडे पहिला मोठा फोटो छापून आला. 'पेटलेलं आकाश', नारळी पौर्णिमा, १९७६. वर तांबडा लोट, खाली काळसर निळं. श्रुतिकाने त्यावर अर्धं पान लिहिलंय. मला चालताना जमीन लागत नव्हती.
रत्नाचे गुडघे दुखत होते, ती घरीच राहिली. माझा जुना कोळी दोस्त भिकाजी, त्याला मात्र वेसाव्याहून मुद्दाम बोलावलं होतं. त्याच्याच होडीवर बसून तो फोटो काढला असणार. भिकाजीने मान डावीकडे केली, उजवीकडे केली, मग जवळजवळ उलटी धरली.
"आरं जयवंता, ही आमची होरी! तांबडा पट्टा तलाचा. तो वर कसा? उलटी केलीस की! बुडवलंस आमाला!"
म्हणजे मी होडीवर नव्हतोच, धक्क्यावर होतो. आणि आकाश म्हणत होतो तो होडीचा तळ. श्रुतिका हसू दाबत होती. मी तसाच उठून घरी आलो.

१३ जानेवारी
श्रुतिकाकडे बसून चाळीसही चौकटी उघडल्या. फिल्मच्या कडेला आकडे छापलेले असतात, त्यावरून कॅमेऱ्याची बाजू कळते. सतरा उलट्या! आणि मी जन्मात कॅमेरा उलटा धरलेला नाही.
पन्नास वर्षं मी सतरा फोटो उलटे बघून खूश होत होतो! एवढंसं काम होतं रत्नाकडे. खाली, डावीकडे, एक टिकली. संताप संताप झाला.
घरी तिने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही."

१५ जानेवारी
प्रामाणिकपणे लिहितो, इथे कोण वाचतंय! ते सतराही फोटो आज सरळ करून बघितले. सरळ केला की होडी दिसते, हललेली. क्लबवाले म्हणायचे तशीच. उलटा केला की होडी जाते आणि नुसता रंग राहतो. सतराच्या सतरा तसेच. नशीब बघा, बायको चुकली ती नेमकी माझ्या फायद्याची!
"सर, मग कसे छापायचे?"
"टिकली आहे तसेच." आणि बजावलं, "रत्नाला यातलं काही सांगू नकोस. वाईट वाटेल तिला."
चूक पोटात घातली. आपलं मन मोठं आहे, याचं मलाच जरा कौतुक वाटलं.

१६ जानेवारी
रत्नाने घावणे केले. सहा खाल्ले. मोठ्या मनाच्या माणसाला भूक लागते.

१८ जानेवारी
एका स्लाइडची टिकली गळून पडली होती. गोविंदा, मुलांचा थर कोसळताना. श्रुतिका विचारायला घरी आली, कुठली बाजू खाली? मी आकडे पाहून सरळ केली, उजेडाच्या पेटीवर ठेवली आणि मोठ्या प्रेमाने रत्नाला म्हटलं, "लाव तुझी टिकली."
तिने चष्मा पुसला. स्लाइड उचलली, चारी बाजूंनी फिरवली, उलटी ठेवली. कपाळावरची टिकली काढून कोपऱ्यात लावली.
"अगं, सरळ होती ती!"
"ठाऊक आहे. सरळ ठेवली की पोरं पडताना दिसतात. मग तेवढंच बघतो आपण."
"म्हणजे त्या सगळ्या... तू मुद्दाम? आणि पन्नास वर्षं बोलली नाहीस?"
"त्यात काय बोलायचं? मला वाटायचं, तुम्हाला दिसतंय. फोटो तुमचे ना!"
ती चहा ठेवायला आत गेली. मी श्रुतिकाला म्हटलं, फोटोंखालच्या पाट्या छापायला देऊ नकोस. माझ्या नावाशेजारी अजून एक नाव घालायचं आहे.