आबा, पेटीला हात लावू नका

पुणे, १२ मार्च १९९३

ती. आबा, तुमच्या सुनंदाचा तुम्हाला आणि मायला नमस्कार.

माझी तार मिळाली ना? मी बरी आहे, जेवणखाणही वेळेवर आहे. पण संक्रांतीला आणलेली आमच्या कंपनीची पेटी विहिरीवर बसवली असेल, तर तिला हात लावू नका. वायरमनकडून काढून घ्या.

परवा आम्ही पत्रकारांना बोलावलं होतं. वीज आली की पंप आपोआप सुरू करणारी ही पेटी दाखवायची होती. ते येण्याआधी मी टेस्टर लावला, तर पत्र्यात करंट! भागीदार रमाकांत म्हणाला, "आधी छापून येऊ दे, मग दुरुस्त करू." मी गप्प बसले. फोटोसाठी हसलेसुद्धा.

आज बातमी आली, 'भडगावच्या लेकीची कमाल'. वाचताना माय ओल्या पायांनी पेटीशी उभी डोळ्यांसमोर आली. तशीच वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन खरं सांगून आले. उद्या छापतील. रमाकांत बोलत नाही. कंपनी टिकेल असं वाटत नाही.

गावात कोणी पेटी मागितली तर नाही म्हणा.

लगेच उत्तर पाठवा. 'बठ्ठं बरं शे' एवढं लिहिलंत तरी जिवात जीव येईल.

तुमची,
सुनंदा