हॉलच्या मधोमध कापूस

पारोळा, ८ सप्टेंबर २०२५

ती. स्व. रत्नाआत्यास,
सारिकाचा शि. सा. न.

माझ्या योगवर्गात सहाजणी आडव्या झाल्या की उरलेल्या सहाजणी ताठ का बसतात? फोनवर तुला विचारावं तर तुझे बंधुराज आणि माझे तीर्थरूप, नाना, मागे उभे राहून हसतात.

वरच्या मजल्यावरचा आपला हॉल आता ओळखू येणार नाही. नव्या चटया आहेत, कपडे बदलायला खोली आहे, आल्या-आल्या लिंबूपाणी आहे. दारावर मी स्वतः रंगवलंय, ‘या, इथे सगळ्या समान.’ म्हणून तर ताईबाईंच्या शेजारीच त्यांच्या सुनेची, ममताची चटई घातली. बाकी पाच घरांचंही तसंच. पण शवासन म्हटलं की सासवा निवांत पडतात आणि सुना डोक्यावरचा पदर धरून बसून राहतात. ममता म्हणते, पाठ दुखते. सहाही जणींची? आता तर त्या यायच्याच थांबल्या.

नानांची अट तुला माहीत आहे. दसऱ्याला दहा बायका दिसल्या तर हॉल माझा, नाहीतर त्यात कापूस भरणार. वर म्हणतात, निजायला हॉल कशाला, बठ्ठं वावर मोकळं शे! सगळं शेत मोकळं आहे म्हणे, तिथे जाऊन पडा.

लोभ आहेच, तो उत्तरातून पाठव.
तुझी सारिका

पाचोरा, १३ सप्टेंबर

चि. सारिकास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचताना एवढी हसले की दूध उतू गेलं. अगं शहाणे, घरातली पहिली पदवीधर तू, पण सून कुठे झालीस? सासूसमोर पाय लांब करून पडायचं? लग्नाला एकतीस वर्षं झाली, मी अजून सासूबाईंसमोर भिंतीला टेकत नाही. आमची आई लवकर गेली, तुझ्या आईला सासू दिसलीच नाही. तुला कळणार कुठून?

सुनांची वेळ वेगळी कर. आणि नानाला सांग, लहानपणी कामाच्या वेळी गच्चीवर आडवा कोण पडायचा ते मला चांगलं आठवतं.

वेळेवर जेवत जा, एवढंच मागणं.
तुझी आत्या

पारोळा, ५ ऑक्टोबर

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न.

सुनांना दुपारची वेळ दिली. ताईबाई तेव्हाही हजर! म्हणाल्या, सून पडते कशी ते बघायला नको का? मागोमाग बाकीच्या पाच.

मग मीच नानांना म्हटलं, पहिल्या वेचणीचा कापूस आत्ताच वर आणा. हरलीस ना पोरी, म्हणत त्यांनी खुशीत गाठोडी चढवली. मी ती हॉलच्या मधोमध भिंतीसारखी डोक्याइतकी उंच रचून घेतली. इकडे सासवा, तिकडे सुना. पहिल्या दिवशी ताईबाईंनी पलीकडे तीनदा हाक मारली. ममता घोरत होती.

दसऱ्याला नाना मोजायला आले. बारा! तोंड पाडून जिना उतरले. तुझा गच्चीचा निरोप मी तेव्हाच दिला.

पण दारावरची ती ओळ रोज मला वाकुल्या दाखवते. मधे भिंत घालून समान कसल्या? म्हणून वर्ग सुटला की रोज वरचं एक गाठोडं गुपचूप काढायचं ठरवलं. दुसऱ्या टोकाला ममताच धरते. आजचं चौथं माझ्या खोलीत आलं. त्यावरच बसून हे लिहिते आहे.

नानांना कळवू नकोस, आणि माया अशीच राहू दे.
तुझी सारिका